लोकल की लाईन? गाडीवरच्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की लाईनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीचा पगार ऐकायला मोठा असतो, हातात पडेपर्यंत बारीक होतो. त्या एका वाक्यावरनं एवढे मेसेज आले की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. काहींनी शिव्या पण घातल्यात, त्या पोचल्या. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी अकरा वर्षं लाईनला काढली, पुणे-चेन्नई जास्त, थोडं कोलकाता, मधे दोन वर्षं कळंबोलीवरनं लोखंडाचा ट्रेलर, आणि आता सात वर्षं झाली पुण्यात मार्केटयार्डातनं लोकल टेम्पो चालवतोय. नावं छापत नाही, गाव तेवढं टाकतो.

काका नमस्कार. वय 24, गाव बार्शीजवळ. पुण्यात एका डिस्ट्रिब्युटरकडं पिकअप चालवतो, 19 हजार पगार, रविवार सुट्टी. खोली आणि मेस मिळून 7 हजार जातात. मामाच्या ओळखीचे एक शेठ आहेत, त्यांची दहा चाकी पुणे-चेन्नई चालते. ते म्हणतात 15 हजार पगार, वर दर ट्रिपला 6 हजार भत्ता, महिन्याला आरामात 35 सुटतील. बहिणीचं लग्न काढलंय पुढच्या वर्षी. जाऊ का?

आधी 35 कुठनं आले ते बघू. 15 पगार, म्हणजे वरचे 20 भत्त्याचे, म्हणजे महिन्याला तीन ट्रिपा आणि वर थोडं. आता तू कागद घे. पुणे-चेन्नई साधारण 1200 किलोमीटर. भरलेली दहा चाकी एकट्या ड्रायव्हरनं माणसासारखी चालवली तर दिवसाला 350, फार तर 400. म्हणजे जायला तीन दिवस धर, चौथा अर्धा. तिथं गेल्यावर गाडी लगेच खाली होत नाही, आज नंबर लागला नाही, उद्या रविवार, परवा त्यांचा क्रेनवाला नाही, असे दोन दिवस जातात. मग रिटर्न भाडं. ते काय तुझी वाट बघत उभं नसतं, ब्रोकरच्या ऑफिसबाहेर गाडी लावून दोन-तीन दिवस बसायचं. मग परत चार दिवस. झाले की बारा दिवस! महिन्याला अडीच ट्रिपा धर, 15 हजार भत्ता, 15 पगार, एकूण 30. रस्त्यावर दोन वेळचं जेवण, चहा, आंघोळ, सगळं मिळून दिवसाला 350 च्या खाली होत नाही, म्हणजे साडेदहा हजार गेले. राहिले साडेएकोणीस.

तुझ्या आत्ताच्या पगारातनं खोली-मेस जाऊन 12 राहतात. म्हणजे लाईनला साडेसात हजार जास्त सुटतात हे खरं आहे, खोटं कशाला बोलू. पण शेठ जो फरक सांगतोय तो 16 हजाराचा आहे आणि खरा फरक साडेसातचा. त्या साडेसात हजारात तू महिन्याचे चारही रविवार आणि रोजची रात्र विकतोयस, हे डोक्यात ठेवून मग ठरव.

वाट बघण्याचे पैसे कुणी देत नाही, ही लाईनची खरी गोम आहे. मी एकदा चेन्नईच्या बाहेर एका गोडाऊनसमोर चार दिवस काढलेत, पावसाचे दिवस, गाडीत कागदाचे रोल. कागद म्हणजे पाण्याचा थेंब लागला की माल नापास आणि कटिंग, म्हणजे भाड्यातनं कापलेले पैसे, ड्रायव्हरच्या माथी. रात्री ताडपत्रीवर पाणी साचून झोळी व्हायची, ती दोन-दोन तासानं वर चढून काठीनं उचलायची, पाणी एका बाजूला सोडायचं, परत खाली येऊन ओल्या बनियनवर झोपायचं. क्लीनर पोरगं होतं ते दुसऱ्या दिवशी तापानं पडलं. चार दिवस गाडीचं चाक फिरलं नाही म्हणून भत्त्यात एक रुपया नाही, उलट रोजचं जेवण खिशातनं. शेठला फोन केला तर शेठ म्हणतो, तिकडं पार्टीला (ज्याचा माल त्याला) हाल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचे पैसे, लावलंय, आलं की बघू. सात-आठ वर्षं झाली, अजून बघतोय.

म्हणून हो म्हणायच्या आधी शेठला विचार, हाल्टिंगचे पैसे पार्टी देते तेव्हा त्यातलं ड्रायव्हरला किती? एका दिवसानंतर थांबलेल्या प्रत्येक दिवसाला 300-400 खुराकी देतो का? शेठ चांगला असेल तर हसून हो म्हणेल. "अरे आपल्यात असलं काही नसतंय, घरचंच समज" असं म्हणाला तर तिथनंच चहा पिऊन परत फिर.

दुसरं, भत्ता म्हणजे नक्की काय ते उघड करून घे. काही ठिकाणी भत्ता वेगळा आणि डिझेल-टोल मालकाचा. काही ठिकाणी "फिक्स खर्च" असतो, म्हणजे पूर्ण ट्रिपची रक्कम हातावर ठेवतात, डिझेल, किरकोळ पंक्चर, वराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), सगळं त्यातनं कर आणि वाचेल ते तुझं. ऐकायला मालक झाल्यासारखं वाटतं. पण हाच फिक्स खर्च माणसाला घाटात न्यूट्रल मारायला लावतो. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सरळ उतार आहे, पुण्यातल्या माणसाला तिथल्या अपघातांचं सांगायला नको. वर गाडी न्यूट्रलला टाकायची, दोन-चार लिटर डिझेल वाचेल म्हणून, मग इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापतात, लायनरचा वास यायला लागतो, सारखं पेडल मारून हवेचं प्रेशर खाली येतं, आणि मग समोर उभ्या गाड्या. मजा म्हणजे आताच्या बीएस6 (नव्या प्रदूषण नियमाच्या) गाड्यांत न्यूट्रल मारून डिझेल वाचतच नाही! गिअरमधे उतार उतरताना पाय काढला की पंप डिझेल बंद करतो, न्यूट्रलला मात्र आयडलिंगचं पीतच राहतो. हे अजून निम्म्या उस्तादांना पटत नाही, त्यांनी जुन्या गाडीवर शिकलेलं असतंय. तू ज्याच्या हाताखाली जाशील तो उतारावर न्यूट्रल मारत असेल तर त्याला उस्ताद म्हणू नको.

तिसरं कागदांचं. निघताना ई-वे बिलाची (मालासोबतचा जीएसटीचा कागद) मुदत बघायची, 200 किलोमीटरला एक दिवस असा हिशोब आहे, म्हणजे 1200 ला सहा दिवस मिळतात, एरवी पुरतात. पण गाडी तुमकूरजवळ गिअरबॉक्स काढून पडली की मुदत संपते, आणि ती वाढवायला संपायच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास एवढीच खिडकी असते. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून वाढवून घ्यायची, तो झोपलाय म्हणून गप बसायचं नाही. आणि भरताना काट्याची पावती स्वतःच्या डोळ्यानं बघ. दहा चाकीचं पासिंग (कायद्यानं चालणारं वजन) 2018 पासनं साडेअठ्ठावीस टन झालंय गाडीसकट, तरी दोन टन जास्त टाकणारे आहेतच. ओव्हरलोडचा दंड कायद्यात 20 हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार आहे, आणि तो कुणी भरायचा हे ट्रिपच्या आधी बोलायचं असतं, नाक्यावर नाही.

आणि गाडी कोणत्या सालची ते पण विचार. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकला केबिनमधे एसी कंपनीकडनंच यायला पाहिजे असा नियम आहे. शेठची गाडी जुनी असणार, मे महिन्यात वेल्लूरला दुपारी एकला केबिनमधे बसून बघ म्हणजे मी हे का लिहिलं ते कळेल.

एवढं सगळं ऐकून माझं मत? जा. वय 24 आहे, लग्न झालेलं नाही, बहिणीचं लग्न आहे, आणि लांबची गाडी एकदा हातात बसली की माणूस आयुष्यभर ड्रायव्हर म्हणून उपाशी मरत नाही. पण पहिले तीन-चार महिने सेकंड ड्रायव्हर म्हणून जा, आणि बहिणीचं लग्न झालं की परत कागद घेऊन बस. लायसनचं मात्र खाली वाच, पिकअपच्या लायसनवर दहा चाकीला हात लावायचा नाही.

साधं फोर व्हीलरचं लायसन आहे. टेम्पो चालवू शकतो का? काही जण म्हणतात बॅज लागतो. (शिरूर)

चालवू शकता. 2017 ला सुप्रीम कोर्टानं हे सांगितलं होतं, त्यावर वाद झाला, मग 6 नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तेच कायम केलं: एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर 7500 किलोच्या आतल्या ग्रॉस वजनाची (गाडी आणि माल मिळून) मालाची गाडी चालते, वेगळा शिक्का लागत नाही. छोटा हत्ती (टाटा एस), पिकअप, टाटा 407 सगळं त्यात आलं. आयशरमधे वेगवेगळी मॉडेलं आहेत, आरसीवर ग्रॉस वजन बघा, दुकानदार काय म्हणतो ते बघू नका. गॅस-केमिकलसारखा धोक्याचा माल असेल तर मात्र वेगळं ट्रेनिंग आणि वेगळी नोंद लागते.

त्याच्या वरच्या गाडीला ट्रान्सपोर्टचं हेवी लायसन. वय 20 पूर्ण पाहिजे, आणि एलएमव्ही लायसन निघून एक वर्ष झालेलं पाहिजे मग शिकाऊ मिळतं. आठवी पासची अट 2019 ला गेली, तरी अजून एजंट लोक त्याच्या नावाखाली पैसे मागतात असं ऐकतो, देऊ नका.

दादा, माझे मिस्टर 14 वर्षं लाईनवर आहेत. आता शुगर निघाली, कंबर पण दुखते. मुलगी दहावीला आहे. मी म्हणते पुण्या-नाशकात लोकल गाडी बघा, तर म्हणतात लोकल म्हणजे हमाली, मी ड्रायव्हर आहे हमाल नाही. काय सांगू? (चाळीसगाव)

ताई, ते चिडून बोलत असतील पण खोटं बोलत नाहीयेत. लाईनच्या ड्रायव्हरनं मालाला हात लावायचा नसतो. भरायला माणसं वेगळी, उतरवायला वेगळी, आपल्याकडं तर 1969 चा माथाडी कायदाच आहे, जिथं हमालांची टोळी आहे तिथं टोळीच उतरवते. वराईवरनं भांडणं होतात, ड्रायव्हरच्या खिशातनं जातात तेव्हा जास्त होतात, पण पोतं त्याच्या पाठीवर येत नाही. लोकलला दुकानाच्या दारात कुठली आलीय टोळी. हेल्पर असला तर ठीक, नाहीतर तेलाचे डबे, कोल्ड्रिंकचे क्रेट, पाण्याचे बॉक्स, सगळं ड्रायव्हरच उतरवतो. मी पहिल्या महिन्यात घरी आलो की बायकोला म्हणायचो, अकरा वर्षं मी बसून होतो हे आज कळालं. 40 च्या पुढं, कंबर दुखत असताना, दिवसाला शंभर क्रेट उचलायला लावले तर सहा महिन्यांत ते परत लाईनला पळतील आणि वर म्हणतील, बघ मी सांगत होतो.

म्हणून त्यांना "लोकल बघा" असं म्हणू नका, लोकलमधे दहा प्रकार आहेत. नाशिक-पुण्याकडं कंपन्यांच्या शटल गाड्या असतात, या प्लांटचा माल त्या गोडाऊनला, दिवसाला दोन-तीन खेपा, चढवणं-उतरवणं फोर्कलिफ्टनं. चाकण-तळेगाव पट्ट्यात अशा भरपूर आहेत, आणि तिथं जुना लाईनचा ड्रायव्हर लागतो कारण गाडी मोठी असते आणि डॉकला (माल चढवायच्या ओट्याला) मागं लावायला हात पाहिजे. आरएमसीचा (तयार काँक्रीटचा) मिक्सर आहे, तो लोकलच. दुधाचा टँकर आहे, गावोगावचं दूध शीतकरण केंद्रावर. पाण्याचा टँकर. उरणकडं बंदरातनं कंटेनर उचलून जवळच्या यार्डात टाकणाऱ्या गाड्या आहेत, त्यात रांग फार लागते पण रात्री नाहीतर पहाटे माणूस घरी येतो. यातल्या एकातही क्रेट उचलायचा नाही. "हमाली नाही, मोठीच गाडी आहे, फक्त रात्री घरी या" असं म्हणून बघा, त्यांचा मान पण राहील.

शुगरचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. ट्रान्सपोर्टचं लायसन आता पाच वर्षांनी रिन्यू होतं आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, ते बरेच जण न तपासताच घेतात, तुम्ही तसं करू देऊ नका, डोळ्यांची तपासणी खरी करून घ्या. लाईनला शुगर सांभाळणं जमतच नाही, गोळी सकाळी घ्यायची तर सकाळ कुठं झाली तेच ठरलेलं नसतं, जेवण दुपारी चारला नाहीतर रात्री बाराला, आणि मधे झोप येऊ नये म्हणून दर दोन तासाला गोड चहा. माझे एक जोडीदार होते, पायाला चप्पल लागून जखम झाली ती तीन ट्रिपा तशीच ठेवली, शेवटी अंगठा गेला. हे त्यांना माझ्याकडनं सांगा, बायकोनं सांगितलेलं लागत नाही कधी कधी.

अजून एक. ते घरी आले की पहिले सहा-आठ महिने विचित्र वागतील. रात्री अडीचला उठून बसतील, दुपारी भर कार्यक्रमात डुलक्या घेतील, घरात कुणी जोरात बोललं तरी त्रास होईल. चौदा वर्षं इंजिनच्या आवाजात झोपलेल्या माणसाला शांत खोलीत झोप लागत नाही. मी दोन महिने गच्चीवर झोपत होतो, खालनं रस्त्याचा आवाज यायचा तेव्हा बरं वाटायचं.

ठाण्यात पार्सलची गाडी चालवतो. कॉन्ट्रॅक्टरकडं 17 हजार, दिवसाला 70-80 ड्रॉप. नो पार्किंगचं चलन माझ्या पगारातनं कापतात, पार्सल हरवलं तरी माझ्यातनं. गावाकडचे मित्र लाईनला आहेत ते म्हणतात आमच्याकडं ये, हायवेला मोकळं आहे. (मूळ गाव पाटण)

हायवेला मोकळं आहे हे म्हणणारे मित्र रात्री टायर चोरीच्या भीतीनं एक डोळा उघडा ठेवून झोपतात, तेवढं पण त्यांना सांगायला सांग.

तुझा त्रास मला रोज दिसतो. 80 ड्रॉप म्हणजे दहा तासांत एका ड्रॉपला साडेसात मिनिटं, त्यात गाडी चालवणं, जागा शोधणं, वॉचमनच्या रजिस्टरमधे नाव लिहिणं, "सामानवाल्यांनी मागची लिफ्ट" म्हणून मागं जाणं, बेल वाजवणं, ओटीपी, आणि बाई आतनं ओरडणार दोन मिनिटं थांबा आंघोळीला गेलेत. साडेसात मिनिटांत हे बसत नाही, म्हणजे गाडी नो पार्किंगला लागणारच, हे ज्यानं रूट बनवलाय त्याला माहीत आहे. मग चलन तुझ्या पगारातनं का? चलन गाडीच्या नंबरवर फाटतं, मेसेज मालकाच्या मोबाईलवर फोटोसकट जातो. तू त्याला एक कर म्हण, प्रत्येक चलनाचा फोटो मला दाखव, वेळ आणि जागा बघू, ज्या सोसायटीत जागाच नाही तिथलं चलन अर्धं-अर्धं. एकट्यानं म्हणू नको, चार-पाच ड्रायव्हर मिळून म्हणा. आमच्या इथं एका कॉन्ट्रॅक्टरनं असंच मान्य केलं, कारण त्याला सणाच्या आधी ड्रायव्हर सोडून जायला नको होते. दिवाळीच्या तीन आठवडे आधी बोलायचं, दिवाळीनंतर नाही!

हरवलेल्या पार्सलसाठी सकाळी भरतानाच मोजून घे आणि गाडीच्या दारातनं एक व्हिडिओ काढ, अर्ध्या मिनिटाचा. मी टोमॅटोच्या क्रेटचा पण काढतो.

आणि ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं विचार. कॉन्ट्रॅक्टरकडं दहा माणसं असतील आणि पगार 21 हजारापर्यंत असेल तर ईएसआय लागू होतं, वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ पण. 17 हजार हातात मिळतात की कापून, आणि कापलेलं खात्यावर दिसतंय का, ते मोबाईलवर बघता येतं. पाय मोडून घरी बसायची वेळ आली की लोकल आणि लाईनमधला सगळ्यात मोठा फरक तोच निघतो, कारण एका गाडीच्या मालकाकडं असलेल्या लाईनच्या ड्रायव्हरला यातलं काहीच नसतं, शेठची मर्जी तेवढी. त्यामुळं तुला बदलायचंच असेल तर लाईन नको, आधी दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघ, 40 ड्रॉपवाला. फर्निचर, फ्रिज-वॉशिंग मशीन असलं मोठं सामान पोचवणाऱ्यांचे ड्रॉप कमी असतात आणि दोन माणसं असतातच.

वाळूजला दुसऱ्याचा छोटा हत्ती चालवतो. स्वतःचा घ्यावा म्हणतो, हप्ता साडेचौदा हजार सांगतायत. भाडं दिवसाला सरासरी 1500 पर्यंत होतं. परमिटचा त्रास असतो का? (छत्रपती संभाजीनगर)

परमिटचा त्रास नाही, 3000 किलो ग्रॉसच्या आतल्या मालगाडीला परमिटच लागत नाही, इलेक्ट्रिक घेतली तरी नाही. 2005 ला ही गाडी आली आणि एवढी चालली त्याचं एक कारण ते पण आहे.

त्रास रिकाम्या दिवसांचा आहे. 1500 हे ज्या दिवशी भाडं लागलं त्या दिवसाचे, बरोबर ना? महिन्यात 22 दिवस धर, 33 हजार. गॅस नाहीतर डिझेल एक तृतीयांश खातं, 11 गेले. हप्ता साडेचौदा. राहिले साडेसात, त्यात इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग, आणि कंपनीला सुट्टी असली की भाडंच नाही. आत्ता तू दुसऱ्याकडनं पगार किती घेतो ते लिहिलं नाहीस पण साडेसातपेक्षा नक्की जास्त असेल. एखाद्या कंपनीची रोजची बांधलेली खेप हातात असेल, तोंडी नाही, कागदावर, तर घे. ॲपवर भाडी लागतात या भरवशावर घेऊ नको, तिथं सुरुवातीला मिळतात तशी नंतर मिळत नाहीत, हा माझा नाही, आमच्या स्टँडवरच्या निम्म्या पोरांचा अनुभव. सेकंड हँड बघ आधी. लोकलला गाडीचा क्लच जातो आणि लाईनला टायर, म्हणून सेकंड हँड छोटा हत्ती घेताना चढावर थांबवून उचलून बघायचा, रंग बघायचा नाही.

मी बेळगावचा. रात्री दहाला भाजी भरून निघतो, पहाटे म्हापसा-पणजीला पोचवतो, सात-आठला गाडी रिकामी करून दुपारपर्यंत परत. ही लोकल म्हणायची की लाईन? पगार चांगला आहे, रोज घरी आहे, पण दोन वर्षांत झोप अशी लागलीच नाही नीट.

या अंकातला सगळ्यात भारी प्रश्न हा आहे, कारण बाकी सगळे लोकल का लाईन म्हणून भांडतायत आणि तुझ्यासारखे मधले कुणी मोजतच नाही. गोव्याच्या ताटात बेळगावची भाजी पडते ती तुमच्यासारख्यांच्या रात्रीवर. तसेच जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेणारे, लासलगावचा कांदा. शंभर ते अडीचशे किलोमीटर, रात्री जा, दिवसा या. पैशाच्या हिशोबानं हे सगळ्यात चांगलं काम आहे, थांबावं लागत नाही कारण भाजीला थांबता येत नाही, नासते. लाईनला जी वाट बघण्यात मजुरी बुडते ती इथं बुडत नाही. जेवण घरचं. मी याला मधली लाईन म्हणतो.

पण शरीराचा हिशोब उलटा आहे. लाईनवाला निदान जमेल तिथं गाडी लावून रात्री झोपतो, तू रोज, सहा दिवस, बरोबर दोन ते पाच या वेळेत स्टिअरिंगवर असतोस, आणि डोळा लागायची खरी वेळ तीच. घाटात तुला झोप येणार नाही, वळणं जागं ठेवतात. घाट संपला, गोव्यात सरळ रस्ता लागला, थंड वारा आला की तिथं येते. किंवा परत येताना. गाडी रिकामी, काम झालेलं, पोटात पाव-भाजी गेलेली, आठ वाजताचं ऊन समोरनं डोळ्यावर. माझी स्वतःची गाडी एकदा अशीच सकाळी साडेआठला, रिकामी, रस्त्याच्या कडेच्या उसात शिरली होती. कुणाला काही झालं नाही. उसातनं बाहेर आलो तेव्हा रेडिओ चालूच होता, आणि मला शेवटचं गाणं कोणतं ऐकलं ते आठवत नव्हतं. सगळ्यांना वाटतं रात्रीच्या गाडीला धोका असतो.

झोप घरी दुपारी लागत नाही त्याचं कारण घर आहे, तू नाहीस. पोरं शाळेतनं येतात, कुकरच्या शिट्ट्या, मोबाईल. खोलीला जाड काळा पडदा लाव, पंखा जोरात ठेव, आणि घरच्यांना सांग की दीड ते साडेसात हा माझा रात्रीचा टाइम आहे, पाहुणे आले तरी उठवायचं नाही. निघायच्या आधी नऊच्या सुमाराला वीस मिनिटं डोळा लावायचा, गाडी भरत असते तेव्हा. चहा घाटाच्या आधी एकदा, परतीच्या वाटेवर नाही, नाहीतर घरी जाऊन छताकडं बघत पडशील.

आणि मालकाशी एकच गोष्ट बोल: गाडी रिकामी झाली की लगेच निघायचं बंधन नको, दीड तास दे. तो म्हणेल गाडी दुपारी दुसऱ्या भाड्याला पाहिजे. मग तर हो म्हणूच नको, कारण मग तो तुझ्या झोपेचं भाडं दुसरीकडं लावतोय. दीड तास मिळाला की मार्केटच्या मागं गाडी सावलीला लाव, काचा दोन-दोन बोटं खाली, मोबाईलला गजर. सावली आधीच बघून ठेव, म्हापशाला नऊनंतर ऊन फार कडक होतं.